शब्दचर्चा : शिधा, शिजणे आणि माजणे

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न पाठवले आहेत. त्यांच्या गृहसंकुलात धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी रेशनच्या दुकानात जायचे म्हणून सकाळी उशिरा येण्याची परवानगी मागितली, तेव्हा तेथील एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, ‘‘फुकटचा शिधा खाऊन माजले आहेत सगळे.’’ त्यावर भगिनींचा पहिला प्रश्न असा की, ‘शिधा’ या शब्दाचा मूळ अर्थच भिक्षा असा आहे काय. आणि दुसरा असा की, सरकारी धान्य घेणाऱ्यास ‘लाभार्थी’ म्हणावे की ‘लाभधारक’.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिधा म्हणजे भिक्षा नव्हे आणि मराठीत तो तसा कधी नव्हताही. बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला निघालेल्यांच्या घोळक्यात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यातील प्रत्येक शब्द तपासून पाहण्याची संधी या प्रश्नामुळे मिळाली याचा मला आनंद आहे.

‘फुकट’ या शब्दावर वेळ घालवण्याचे कारण नाही; त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. एवढेच नोंदवतो की, राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखाली मिळणाऱ्या नियमित धान्याला २०२२ सालच्या अखेरीपर्यंत पैसे पडत असत. तांदूळ ३ रुपये किलो आणि गहू २ रुपये किलो. करोनाच्या काळात दिलेले जादा धान्य तेवढे मोफत होते, आणि नियमित धान्य मोफत झाले ते १ जानेवारी २०२३ पासून. ‘फुकटे’ ही शिवी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे चालत आलेली आहे. दुकानात पैसे मोजणाऱ्यालाही ती दिली जात होती, यावरून ती किमतीबद्दल नसून माणसाबद्दल आहे हे उघड होते.

आता शिध्याकडे वळू. तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तूप असा न शिजवलेला, पण एका जेवणाला पुरेल असा पूर्ण जिन्नस, हा शिध्याचा रूढ अर्थ. याचे मूळ संस्कृत ‘सिद्ध’ हे आहे. इ-कारापूर्वीचा ‘स’ मराठीत ‘श’ होतो. सिक्थचे शीत (भाताचा दाणा) झाले, सीमाची शीव झाली, सीव्यतीपासून शिवणे आले. जोडाक्षर सुटे झाले, जसे दुग्धचे दूध झाले. येथवर कोणाचा वाद नसावा. वाद आहे तो अर्थाचा, कारण सिद्धान्न म्हणजे शिजवलेले अन्न, आणि शिधा तर कच्चा असतो. ही अडचण दूर करण्यासाठी काही कोशकारांनी, विशेषतः हिंदीतील ‘सीधा’चा विचार करणाऱ्यांनी, मूळ शब्द ‘असिद्ध’ असून त्यातील ‘अ’ गळाला, असा तोडगा काढलेला आहे.

हा तोडगा मला मुळीच मान्य नाही. शब्दारंभीचा ‘अ’ आपल्या भाषेत गळतो हे खरे आहे. अरण्याचे रान झाले आणि अरिष्टाचा रिठा झाला. परंतु त्या ‘अ’ला स्वतःचा अर्थ नव्हता. नकार सांगणारा ‘अ’ लोकांच्या तोंडून असा निसटत नाही, कारण तो निसटला की बोलणाराला जे सांगायचे आहे त्याच्या नेमके उलट ऐकू जाते. अजाणाचा कोणी जाण केला नाही आणि अबोलाचा बोल झाला नाही. ध्वनिनियमाचा आधार घेताना अर्थाचा बळी द्यायचा, ही व्युत्पत्ती सांगण्याची पद्धत नव्हे. कोड्याचे उत्तर हाती लागत नाही म्हणून कोड्यातील एक अक्षर खोडून टाकण्यासारखे ते आहे.

माझ्या मते येथे ‘सिद्ध’चा अर्थ ‘शिजलेले’ हा नसून ‘तयार ठेवलेले, जुळवून दिलेले’ हा आहे. आपण आजही ‘सिद्धता करणे’ म्हणजे तयारी करणे असे म्हणतो. शिधा म्हणजे अशी सिद्धता, ज्यात स्वयंपाकाला लागणारे सर्व काही मोजून एकत्र ठेवलेले असते आणि ज्याला ते मिळते त्याला मिठासाठीही दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही. ‘शिदोरी’ हा शब्दही याच घरातला असावा असे मला वाटते. मात्र खरा आनंद याच्या पुढे आहे. संस्कृतातील ‘सिध्’ या धातूचे ‘सिध्यति’ हे रूप प्राकृतात ‘सिज्झइ’ झाले आणि त्यापासून मराठीत ‘शिजणे’ आले. संध्येची सांज झाली, तसेच हेही घडले. म्हणजे ज्या धातूपासून शिधा आला त्याच धातूपासून शिजणे आले. एक कच्चा आणि दुसरे त्याचे पक्के होणे, असे हे एकाच आईचे दोन शब्द आहेत आणि त्या दोघांच्या मध्ये घेणाऱ्याची चूल आहे. शिधा देणारा अर्धे काम करतो. उरलेले अर्धे घेणाऱ्याच्या घरी, घेणाऱ्याच्या हातून, त्याच्या सरपणावर किंवा आज त्याच्या सिलिंडरवर व्हायचे असते.

म्हणूनच शिधा जुन्या काळी कोणाला दिला जाई हे पाहण्यासारखे आहे. तो पुरोहिताला, घरी उतरलेल्या पाहुण्याला, कामावर निघालेल्या सरकारी माणसाला दिला जाई; ज्याला आपल्या ताटातील उष्टे-खरकटे देणे अशक्य होते, जो आपल्या बरोबरीचा किंवा आपल्याहून वरचा मानला जाई, त्याला शिधा जात असे. या चालीमागे सोवळ्याओवळ्याची आणि जातीची बंधने होती, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु शब्दाच्या अंगाला चिकटलेला मान हा त्या चालीतून आलेला आहे आणि तो खराच आहे. भिक्षेसाठी मराठीने वेगळे शब्द ठेवले. दारोदार फिरून मागितलेले कोरडे धान्य म्हणजे कोरान्न. त्यात मूठ असते, माप नसते. घरोघरी थोडे थोडे शिजलेले अन्न मागायचे ती माधुकरी. मधुकर, म्हणजे भुंगा, जसा फुलाफुलातून थोडे घेतो, तशी. जी भाषा या तिन्हींत इतका काटेकोर भेद करते, तिच्यात शिध्याला भिक्षा म्हणणे हे अज्ञान आहे.

२०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा संच दिला आणि त्याला ‘आनंदाचा शिधा’ असे नाव दिले. शासकीय मराठीवर मी एरवी पुष्कळ टीका करतो, पण हे नाव अचूक होते, कारण साखर सोडली तर त्या पिशवीतील एकही वस्तू तशीच्या तशी तोंडात टाकता येत नव्हती. रवा भाजावा लागतो, डाळ दळून आणावी लागते, तेल तापवावे लागते, तेव्हा कोठे लाडू आणि शेव होते. ‘आयते खातात’ असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी निदान शिध्याच्या बाबतीत तरी ‘आयते’ हा शब्द वापरू नये.

गृहस्थांच्या वाक्यातील तिसरा शब्द ‘माजले’ हा आहे. माजणे हे संस्कृत ‘माद्यति’पासून, प्राकृत ‘मज्जइ’मधून आलेले आहे, अद्यचे आज आणि विद्युतची वीज झाली त्याच नियमाने. मूळ अर्थ नशा चढणे. नशा चढण्यासाठी किती धान्य मिळते, हे मोजून पाहावे. प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला कायद्याने महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, मग घरात माणसे कितीही असोत. उरलेल्या धान्यासाठी, डाळीसाठी, भाजीसाठी आणि तेलासाठी त्या घराला बाजारातच जावे लागते. ‘आमच्या करातून खातात’ असेही पुष्कळदा सांगितले जाते. पण धुणीभांडी करणाऱ्या त्या बाईही अंगाला लावायच्या साबणाच्या वडीवर वस्तू व सेवा कर भरतात, आणि तो कर घेताना दुकानदार त्यांचे उत्पन्न विचारत नाही.

पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका रास्त भाव दुकानात मी मध्यंतरी उभा होतो. यंत्रावर अंगठा ठेवल्याशिवाय सहसा धान्य मिळत नाही, आणि रांगेतील एका बाईंचा अंगठा यंत्राला काही केल्या ओळखू येत नव्हता. वर्षानुवर्षे भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. त्यांनी अंगठा पदराला पुसला, कपाळावर घासला, पुन्हा दाबून धरला. मागे उभ्या असलेल्या कोणीतरी ‘‘लागला का अंगठा?’’ असे विचारले. त्या प्रश्नात उपहास नव्हता, कारण आपलाही लागेल की नाही ही काळजी विचारणाऱ्याला होती. अखेर पावती निघाली, वजनकाट्यावर तांदूळ पडला, आणि खाली सांडलेले चार दाणे बाईंनी वेचून पिशवीत टाकले. गृहस्थांना जो माज दिसला तो या रांगेत मला कोठेही आढळला नाही.

हा तुच्छतेचा सूर आपल्याकडे पूर्वापार आहे असेही कोणी समजू नये. मुंबईत १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, शिधावाटप सुरू झाले ते श्रीमंत-गरीब सर्वांसाठी. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, महाराष्ट्राने खाल्ला आणि त्याची आठवण आजही लोक एकमेकांना सांगतात. पेठांतील वाड्यांमधून रेशनची साखर आणि रॉकेल आणण्यासाठी मुलांना रांगेत उभे केले जाई, आणि रांगेत आपल्या पुढे कोण आहे याची लाज कोणाला वाटत नसे. १९९७ साली लक्ष्यनिर्धारित वितरण व्यवस्था आली, दारिद्र्यरेषेखालील आणि दारिद्र्यरेषेवरील असे भाग पडले, आणि महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका सुरू झाल्या. पिवळी, केशरी आणि शुभ्र. यातील तिसऱ्या रंगाचे नाव मला नेहमी खटकते. घरातील भिंतीला, सदऱ्याला, भाताला आपण पांढरा म्हणतो; मग सधनांच्या पत्रिकेसाठीच ‘शुभ्र’ हा संस्कृत शब्द, ज्याला निष्कलंकतेचा वास आहे, तो का निवडावा? ज्यांनी हे नामकरण केले त्यांचा हेतू वाईट नसेल, पण ‘पिवळ्या कार्डवाले’ हा हिणवण्याचा शब्द त्यानंतरच आपल्या तोंडी बसला. रांग सर्वांची होती तोवर रेशन ही गैरसोय होती. रांगेत काही जणच उरले तेव्हा ती नाचक्की ठरली. धान्य तेच होते.

पुण्याने तरी असे बोलू नये, असे मला कळकळीने वाटते. या शहरात शेकडो मुले माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकली. १९०९ साली ‘अनाथ विद्यार्थी गृह’ या नावाने सुरू झालेली आणि आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाणारी संस्था त्या गरजेतूनच उभी राहिली. आजोबा सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून वकील झाले, ही हकीकत ज्या घरांत अभिमानाने सांगितली जाते, त्या घरांतील माणसांनी धुणीभांडी करून मुलांना शाळेत पाठवणाऱ्या बाईंच्या पिशवीकडे वाकड्या नजरेने पाहावे, याचे मला मनापासून दुःख होते. आजोबांना मिळाले ते लोकांच्या मर्जीने; बाईंना मिळते ते २०१३ च्या कायद्याने. मग दोघांपैकी कोणाला मिंधे म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे; मी कोणालाच म्हणणार नाही.

राहिला दुसरा प्रश्न. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा; विद्यार्थी विद्या इच्छितो, मोक्षार्थी मोक्ष इच्छितो, त्याप्रमाणे ‘लाभार्थी’ लाभ इच्छितो. ज्याच्या हाती धान्य पडलेले आहे त्याला लाभार्थी म्हणणे व्याकरणाला धरून नाही, आणि हक्काने घेणाऱ्याला याचक ठरवणारे असल्यामुळे ते कायद्यालाही धरून नाही, कारण अन्न सुरक्षा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात धान्य मिळण्याचा हक्कच सांगितलेला आहे. हा शब्द आता इतका रुळला आहे की तो काढता येणार नाही, असे भाषांतरकार मंडळी सांगतात. ‘रुळला आहे’ हे कारण ते आपल्या चुकांनाच नेमके का लावतात, हे मला समजलेले नाही. ‘लाभधारक’ हा शब्द त्याहून बरा आहे, पण कालव्याचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तो आधीच वापरात असल्याने घोटाळा होईल. सर्वसाधारण लेखनात भगिनींनी ‘शिधापत्रिकाधारक’ असे लिहावे, आणि जेथे कायद्याचा संदर्भ असेल तेथे सरळ ‘हक्कदार’ लिहावे.