जुन्या व्होल्व्होला टर्बो बसवायला कर्ज काढू का?

स्वीडनमधल्या गोटेनबर्गहून एका वाचकांनी लिहिलं आहे: "माझ्याकडे 1989 ची व्होल्व्हो 240 स्टेशन वॅगन आहे, आज साधारण 60,000 क्रोनांची. तिला व्होल्व्होच्याच 940 मॉडेलमधलं टर्बो इंजिन बसवायचं आहे. गॅरेजने 1,10,000 क्रोना सांगितले. 90,000 चं विनातारण कर्ज 9 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी मिळतंय. आयएसके या गुंतवणूक-बचत खात्यात फंडांचे 60,000 आहेत. कर्ज घेऊ की फंड विकू? काम झाल्यावर गाडी दोन लाखांना सहज जाईल. पगार 48,000, हातात 37,000 येतात. पत्नी पालक-रजेवर आहे, तिचे 20,000. घरखर्च घरकर्जाच्या हप्त्यासकट 45,000. कंपनीने नोकरकपात जाहीर केली आहे, पण पाच वर्षं झाली, माझी नोकरी कायमची आहे. शिवाय मागच्या वर्षी फ्लॅट घेताना बँकेने कर्जसुरक्षा विमा दिला, म्हणून आ-कासाचं सभासदत्व तेव्हाच बंद केलं."

तुमचा प्रश्न गाडीचा आहे, पण मी अडकलो तुमच्या शेवटच्या वाक्यावर. आ-कासा, म्हणजे बेकारी विमा निधी, स्वीडनमध्ये आपोआप मिळत नाही. वर्गणी भरून सभासद व्हावं लागतं, आणि पगाराच्या प्रमाणात पूर्ण भत्ता मिळायला किमान 12 महिने सभासद असावं लागतं. वर्गणी महिन्याला दीडशे क्रोनांच्या आसपास. तेवढे वाचवण्यासाठी तुम्ही काय सोडलंत ते बघा.

उद्या नोकरी गेली आणि तुम्ही सभासद नसाल, तर मूळ भत्ता महिन्याला साधारण 11,000, तोही करापूर्वी. हातात नऊ धरा. पत्नीचे वीस मिळून 29,000. खर्च 45,000. दरमहा 16,000 ची तूट, म्हणजे 60,000 ची शिल्लक चार महिनेही पुरणार नाही. सभासद असता, तर सुरुवातीला 80 टक्के मिळाले असते, पण 34,000 पगाराच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे 27,200, कर वजा जाता वीस-एकवीस हजार. सुरुवातीचे महिने तूट पाचेक हजारांवर आली असती. पुढे टक्केवारी घटत जाते, तरी तीच शिल्लक कितीतरी जास्त टिकली असती. कामगार संघटनेचा उत्पन्न विमा असता तर तोही वर मिळाला असता. पण तो घ्यायलाही आधी आ-कासाचं सभासदत्व लागतं.

आणि हा बँकेचा कर्जसुरक्षा विमा! आ-कासाला पर्याय म्हणून तो कुणी गळ्यात मारला असेल, तर ती सरळसरळ चुकीची विक्री आहे. असा विमा फार तर घरकर्जाचा हप्ता भरतो. तुमच्या घरचं किराणा सामान, वीज, बाळाचा खर्च यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याला सुरुवातीचा प्रतीक्षा काळही असतो. अटींची पुस्तिका काढा आणि तीन गोष्टी शोधा: बेकारीत किती महिने पैसे मिळतात, पहिले किती दिवस मिळत नाहीत, आणि घोषित नोकरकपातीबद्दल काय लिहिलंय. आजारपणाचं संरक्षण त्यात असेल तर तो घाईने बंद करू नका. पण तो आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

"कायमची नोकरी" याचा अर्थ इतकाच, की काढताना नियम पाळावे लागतील. साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि पाच वर्षांच्या नोकरीला कायद्याने किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना मिळते. तीन महिन्यांत सभासदत्वाचे 12 महिने भरत नाहीत. म्हणून आजच अर्ज करा. पत्नीचं सभासदत्व चालू आहे का, तेही आजच बघा.

आता गाडी. 940 चं बी230एफटी हे टर्बो इंजिन तुमच्या मूळ इंजिनाच्याच घराण्यातलं आहे, म्हणून ते बसतं, हे खरं. ताकद 115 च्या आसपासची 165 अश्वशक्तीपर्यंत जाते. पण तुमच्या गाडीत एम47 गिअरबॉक्स असेल, तर टर्बोचा जोर सोसणं ही त्याची जमेची बाजू नाही. इंटरकूलर, रेडिएटर, वायरिंग, एक्झॉस्ट, ब्रेक हेही रांगेत आहेतच. गॅरेजच्या आकड्यात यातलं काय धरलंय, ते लेखी घ्या. नंतर नोंदणी तपासणी आहे, आणि फेरबदल मोठा ठरला तर आधी एसएफआरओचा, म्हणजे हौशी वाहन-बांधणीकारांच्या राष्ट्रीय संघटनेचा, दाखला. विमा कंपनीलाही आधी विचारा. जुन्या गाड्यांचे स्वस्त विमे सहसा मूळ स्थितीतल्या गाडीसाठी असतात.

दोन लाखांचं गणित मात्र सोडून द्या. 90,000 च्या कर्जाचा हप्ता 1,900 च्या आत, पण पाच वर्षांत व्याज 22,000. आणि 2026 पासून विनातारण कर्जाच्या व्याजावर करसवलत नाही. गाडीचे 60, कामाचे 110, व्याजाचे 22, झाले 1,92,000. तुमची आशा तंतोतंत खरी ठरली तरी हाती आठ हजार, आणि त्यात पाच वर्षांचा सांभाळ धरलेलाच नाही. जुन्या 240 ला चांगला भाव देणारे गिऱ्हाईक न गंजलेली, मूळ स्थितीतली गाडी शोधतं. बदललेल्या इंजिनावर घातलेले पैसे पूर्ण परत येत नाहीत. हौस म्हणून करायचं असेल तर हौसेचा खर्च म्हणूनच मोजा. ही गाडी मलाही फार आवडते, आणि 1985 ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा टर्बोवाल्या 240 ने जिंकली, हे कुठलाही व्होल्व्होप्रेमी विसरत नाही.

तर कर्ज नको, आणि फंडही विकू नका. सध्या तुमच्याकडे महिन्याला 12,000 उरतात. आयएसकेतली रक्कम तिथेच राहू द्या. नवी बचत साध्या बचत खात्यात टाकत जा, तिथे दीड लाख साठेपर्यंत. आ-कासाचे 12 महिने भरले, कपातीचा निकाल लागला आणि पत्नी कामावर परतली, की गाडीसाठी वेगळं खातं उघडा. तोवर गंज काढून घ्या, जास्तीत जास्त दहा हजारांत. ते काम टर्बो बसवा किंवा न बसवा, करावंच लागणार आहे.