पुण्याहून तारकर्लीला गाडीने जाताना चार आणि दीड वर्षांच्या मुलांसाठी प्रवास कसा आखावा?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, मुलगा दीड वर्षाचा आहे, सोबत सासूबाई येणार आहेत आणि नाताळच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने तारकर्लीला जायचे आहे. पहाटे तीनला निघून एका दिवसात पोहोचावे का, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन बसले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे जरा सविस्तर लिहिते. माझे माहेर कणकवलीजवळचे असल्यामुळे मुले अंगावर पीत होती तेव्हापासून हा रस्ता आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्याचा आहे.

अंतर पाहिले तर एका दिवसात पोहोचणे अशक्य मुळीच नाही. पुणे ते कोल्हापूर साधारण २३५ किलोमीटर आणि तिथून घाट उतरून मालवण-तारकर्लीपर्यंत आणखी दीडशेच्या आसपास, म्हणजे दोघेच असाल तर दुपारी उशिरा का होईना, जेवायला मालवणात. मुले सोबत असली की मात्र प्रवासाचे माप किलोमीटर राहत नाही. धाकट्याची दुपारची झोप, दोघांची भूक आणि थोरलीची सहनशक्ती संपण्याची वेळ, या तीन गोष्टींवर दिवस बसवावा लागतो. दीड वर्षाचे मूल जागे असताना एका जागी बांधलेले फार तर दीड-दोन तास बसते. त्यानंतर ते रडते, त्याचे रडणे ऐकून थोरली कुरकुरते आणि चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडते. म्हणून पहिला मुक्काम कोल्हापूरला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहाटे तीनला निघण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, कारण मुले झोपेतच सातारा ओलांडतात. हिशेब वरवर बरोबर दिसतो. पण चालवणाऱ्याची झोप अर्धवट झालेली असते, शरीराला सर्वांत जास्त पेंग येण्याची वेळ नेमकी तीच असते, आणि सातच्या सुमारास मुले ताजीतवानी होऊन उठतात तेव्हा मोठी माणसे गळून गेलेली असतात. पुढचा सगळा दिवस त्या थकव्यावर निघतो. त्यापेक्षा मुलांना त्यांच्या वेळेला झोपवावे, उठल्यावर दूध आणि शी-शू उरकावी आणि साडेसहाच्या आत घर सोडावे. आठ वाजले की कात्रज आणि नवले पुलाकडची गर्दी सुरू होते आणि पुणे सोडतानाच तासभर जातो.

आता मांडीचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे सुरक्षा आसन न लावता नेल्यास १,००० रुपये दंड आहे, पण दंड ही इथे दुय्यम बाब आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगातील गाडी एकदम थांबली, तर दहा किलोचे मूल कोणत्याही आईच्या हातात राहत नाही, मग तिने कितीही घट्ट धरलेले असो. धाकट्यासाठी मागे तोंड करून बसवायचे आसन घ्यावे, कारण या वयात डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, आणि मागे तोंड असले की धक्का पाठीवर सगळीकडे सारखा विभागला जातो. हे आसन एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नये. थोरलीला पुढे तोंड असलेले, पाच ठिकाणी बांधणाऱ्या पट्ट्यांचे आसन लागेल.

खरी अडचण जागेची असते, आणि ती आदल्या रात्री लक्षात आली तर घरात वाद होतो. लहान गाडीत मागे दोन्ही बाजूंना अशी आसने लावली, की मध्ये जेमतेम एक सडपातळ माणूस मावते. सासूबाईंना तिथे अडकवून ठेवू नका. त्यांचे गुडघे त्यांना पुढच्या जागी जास्त दुवा देतील. मध्ये तुम्ही बसा. मागे तोंड असलेल्या आसनाला लांबी जास्त लागते आणि त्यामुळे पुढची खुर्ची पुढे सरकवावी लागते, तेव्हा सासूबाई उंचीने कमी असल्यास ते आसन त्यांच्या मागे लावावे. आठवडाभर आधी सगळ्यांना गाडीत बसवून शहरातल्या शहरात एक फेरी मारावी, म्हणजे कुणाचा पाय कुठे अवघडतो ते कळेल आणि मुलांनाही त्या आसनाची सवय लागेल. एवढे करूनही जागा पुरत नसेल, तर सहा-सात जणांची गाडी भाड्याने घेतलेली बरी. फक्त भाड्याच्या गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलपे सीटखाली दडपलेली नाहीत ना, हे आधी हाताने चाचपून पाहावे.

पहिल्या दिवशी खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे न्याहारीसाठी थांबावे. चकचकीत फूडमॉलपेक्षा ज्या हॉटेलला मोकळे अंगण आहे ते निवडा, कारण मुलांना इडलीपेक्षा पळायला जागा जास्त हवी असते. अर्ध्या तासाचा थांबा पाऊण तासावर गेला तरी घड्याळ बघू नये. धाकटा नेहमी अकराच्या सुमारास झोपत असेल, तर त्याच्या आधी गाडी पुन्हा रस्त्याला लावावी आणि त्याची झोप सुरू झाली की थांबू नये, मग चहाची कितीही तल्लफ येवो. जेवणासाठी कराड सोयीचे आहे. महामार्ग सोडून थोडे आत गेले की कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे आणि शेजारी बाग आहे; डबा घरचा असेल तर झाडाच्या सावलीत बसून जेवता येते आणि मुलांचे पाय मोकळे होतात. पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते लागत आले आहेत, म्हणून कराड ते कोल्हापूर या पाऊणशे किलोमीटरना नकाशा सांगतो त्यापेक्षा अर्धा तास जास्त धरावा.

कोल्हापुरात पोहोचल्यावर काहीही 'बघायचे' ठरवू नका. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर फेरी पुरे. सासूबाईंना अंबाबाईचे दर्शन घ्यायचे असेलच, तर एकाने त्यांच्याबरोबर जावे आणि दुसऱ्याने मुलांसोबत राहावे. सुट्टीच्या दिवसांतली दर्शनाची रांग या वयाच्या मुलांना झेपत नाही. तांबडा-पांढरा रस्सा मोठ्यांनी जरूर घ्यावा, मुलांना मात्र दहीभात किंवा साधे वरण-भात द्यावे, कारण दुसऱ्या दिवशी घाट आहे. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध मिळते. ते पाहायला मुलांना न्या, पण न तापवलेले दूध लहान मुलांना पाजू नका.

घाटाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेकांची सहल इथेच विस्कटते. कोल्हापूरहून उतरायला गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाट आणि आजऱ्याकडून आंबोली, असे पर्याय आहेत. करूळ सर्वांत जवळचा, पण रुंदीकरणासाठी तो २०२४ पासून बराच काळ बंद होता आणि पावसाळ्यात दरड आली की पुन्हा बंद होतो. कोणता रस्ता चालू आणि बरा आहे, हे फोनवरच्या नकाशाला विचारण्याऐवजी आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा पेट्रोलपंपावर विचारावे. रोज तिकडे माल नेणारा टेम्पोवाला जे सांगेल ते खरे. दाजीपूरचा रस्ता अभयारण्यातून, दाट झाडीतून जातो आणि मला तोच आवडतो. आंबोलीने गेल्यास अंतर वाढते, पण वाटेत सावंतवाडी लागते आणि तिथे चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. थोरलीला एक रंगीत फळांची परडी किंवा भातुकली घेऊन दिली, की मुक्कामाच्या खोलीत निवांत दोन तास मिळतात.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा कमी होतो आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त, त्यामुळे काळजी धाकट्यापेक्षा थोरलीची करा. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग शरीर वळते आहे असे सांगतो, आणि डोळे मात्र मोबाइलच्या पडद्यावर किंवा चित्रांच्या पुस्तकावर स्थिर असतात. या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वी मोबाइल आणि पुस्तके पिशवीत गेलीच पाहिजेत. समोरच्या काचेतून लांबवर बघायला सांगावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीतील सुगंधी डबी निघण्याच्या दिवशीच काढून टाकावी, कारण अर्धी मळमळ त्या वासाने होते. उपाशीपोटी घाट उतरणे भरल्या पोटाइतकेच वाईट. तासभर आधी कोरडी पोळी, खाकरा किंवा दोन बिस्किटे असे हलके काही द्यावे, दूध नको.

आमच्या घरी थोरलीचे एक लक्षण ठरलेले आहे: बडबड अचानक थांबते, ती सारख्या जांभया देऊ लागते आणि ओठांभोवती पांढुरकी दिसते. तेवढे दिसले की पुढच्या रुंद वळणावर गाडी बाजूला घ्यायची, तिला खाली उतरवून तोंडावर गार पाणी मारायचे, आल्याच्या वडीचा तुकडा चघळायला द्यायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. उलटी झाल्यानंतर थांबण्यापेक्षा हे सोपे पडते. तरीही झाकणाचा एक डबा, जुना टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा. औषध द्यायचेच तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यावी; मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग करू नये, आणि काही गोळ्या दोन वर्षांखालच्या मुलांना मुळीच देत नाहीत.

सामानाची यादी देत नाही. ती प्रत्येक घराची वेगळी असते. जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे नेहमीचे औषध, थर्मामीटर आणि घडीचे छोटे पॉटी-आसन मात्र विसरू नका, कारण महामार्गावरची स्वच्छतागृहे मुलांना बसवण्याजोगी असतीलच असे नाही. जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळावे; पेल्यात चिमूटभर टाकून अंदाजाने देऊ नये. महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत. आणि पाच मिनिटांसाठी म्हणूनही मूल बंद गाडीत झोपलेले सोडून कुणीही उतरू नये; उन्हातली गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी आणखी तापते, काच थोडी उघडी असली तरीही.

तारकर्लीला खोली ठरवताना समुद्र किती पावलांवर आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही तळमजला आहे का, गरम पाणी सकाळी किती वाजता मिळते, मच्छरदाणी आहे का आणि मुलांसाठी मऊ भात किंवा पेज करून देतील का, हे विचारा. घरगुती निवासांत ते आनंदाने करतात. घावणे आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे मुले मागून मागून खातात. मासे द्यायचे तर सुरमईची तुकडी, मधला काटा काढून आणि तिखट न लावता. बांगड्याचे बारीक काटे या वयात नकोत. एकदा सामान उतरवले की किमान तीन रात्री तिथेच राहा. देवगड, कुणकेश्वर, वेंगुर्ले हे सगळे एकाच फेरीत उरकण्याचा मोह होतो, पण रोज गाडीत बसवले तर मुलांना समुद्र मिळतच नाही.

पाण्यात घोट्यापर्यंत, मुलाचा हात मोठ्याच्या हातात, आणि देवबागला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तेवढेही नाही, कारण तिथली पाण्याची ओढ वरून दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ला थोरलीला अवश्य दाखवा. १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि चार वर्षांच्या मुलीला ही नावे सांगितली की ती तिन्हींत डोकावल्याशिवाय हलत नाही. तेव्हा कठड्यापाशी तिला घट्ट धरावे. होडीत धाकट्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मिळाले नाही तर त्याला आजीबरोबर धक्क्यावरच ठेवावे. फेऱ्या आळीपाळीने करता येतात.

राहिला प्रश्न तारखांचा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत गोव्याकडे जाणारी निम्मी गर्दी याच महामार्गावर असते आणि तारकर्लीत खोल्यांचे दर चढलेले असतात. तुमची मुलगी अजून बालवाडीत आहे, तेव्हा शाळा बुडण्याची चिंता करण्याचे कारण नाही. नोकरीतून रजा मिळत असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा गाठा. परतीलाही कोल्हापूरचा मुक्काम ठेवा आणि पुण्यात रविवारी संध्याकाळी शिरण्याऐवजी शनिवारी दुपारपर्यंत पोहोचा, म्हणजे वाळूने भरलेले कपडे धुवायला आणि मुलांच्या झोपेची वेळ जागेवर आणायला मधला एक दिवस हाती राहील.