का घेतला होतास?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "काकू, चारही शेअर दुप्पट झालेत. विकू की ठेवू?" सोबत स्क्रीनशॉट. त्यात खरेदीचा भाव, आजचा भाव, हिरव्या अक्षरांत नफा. का घेतलेस, एवढंच मी विचारलं. तू म्हणालास, "तेव्हा चांगले वाटले." त्यानंतर मला झोप लागली नाही.

2007 च्या दिवाळीत मीही एका बांधकाम कंपनीचे शेअर असेच घेतले होते. बँकेतले सगळे घेत होते म्हणून. जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या वर गेला. 22 तारखेला बाजार उघडताच लोअर सर्किट, म्हणजे घसरण ठरलेल्या मर्यादेला टेकली, तासभर व्यवहार बंद. ऑक्टोबरात तो 8,000 च्याही खाली आला. मी धरूनच बसले. घेण्याला कारणच नव्हतं, तर ते संपलं कधी हे मला कळणार कसं?

त्याहून जास्त सलतं ते पुढचं. एका खासगी बँकेचे शेअर मी नीट अभ्यास करून घेतले होते. शाखा वाढत होत्या, बुडीत कर्जं कमी होती. मे 2009 मध्ये निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी बाजार अपर सर्किटला, म्हणजे वाढीच्या ठरलेल्या मर्यादेला जाऊन बंद झाला. त्या तेजीत माझा खरेदीचा भाव परत आला आणि "सुटले बाई" म्हणून मी सगळे विकून टाकले. कारण जसंच्या तसं शाबूत होतं रे! मी फक्त भाव पाहिला.

म्हणून विचारते, का घेतला होतास? प्रत्येक शेअरपुढे एक ओळ लिही. कारण टिकून असेल तर ठेव. मोडलं असेल तर भाव चढत असला तरी वीक. टेलिग्रामवरच्या टिपेनं घेतलेले दोन आहेत, त्यांच्यापुढे तू काय लिहिणार? ते उद्याच काढ. बारा महिने झाले की कर वीसऐवजी साडेबारा टक्के, वर्षाला सव्वा लाखाचा नफा माफ, हे मलाही ठाऊक आहे. चांगल्या शेअरसाठी महिनाभर थांब, या दोघांसाठी नको. आणि जूनमध्ये फ्लॅटच्या बुकिंगला लागणारे पैसे बाजारात ठेवूच नकोस. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

तुझे काका मला म्हणतात, "तू स्वतः 2003 पासून एक कंपनी कवटाळून बसली आहेस, हा मोह आहे." मोह नाही. डायरीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलंय, "कर्ज नाही, लाभांश न चुकता देते." दरवर्षी अहवाल आला की ती ओळ ताडून पाहते. ती अजून खरी आहे. दोन वर्षं भाव हललेला नाही, नाही तर नाही. मी विकणार नाही, काकांनी कितीही सांगितलं तरी.

रविवारी ये. चार ओळी लिहिलेली वही आण, स्क्रीनशॉट नको.

तुझी काकू