मका-तुरीत भाजी लावायची असेल तर आधी उन्हाचा आणि वेळेचा हिशेब करा

तुमचा प्रश्न असा: खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या पुढे वडिलोपार्जित दोन एकर, त्यातल्या एका एकराला विहिरीचं पाणी. वडील सोयाबीन नाहीतर मका सलग करायचे. तुम्ही पुण्याची नोकरी सोडून आलात आणि मका-तुरीत भाजी मिसळायचा विचार आहे. उत्पन्न वाढेल का, आणि कडधान्य लावलं की युरिया लागत नाही हे खरं का?

मी बेळगाव तालुक्यातला, मार्कंडेय नदीच्या पट्ट्यातला. तांबडी माती, सव्वा एकर. बारा-तेरा वर्षं हे उद्योग करतोय, त्यातली पहिली तीन शिकण्यातच गेली.

आधी युरियाचं. मक्याच्या शेजारी घेवडा लावला की घेवडा मक्याला नत्र पाजतो, असं नाही. हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींतले जिवाणू धरतात आणि तो बहुतेक घेवडा स्वतःच वापरतो. शेंगा तोडून बाजारात गेल्या की त्यातला बराच भाग त्यांच्याबरोबर गेला. रानात राहतात मुळं आणि गळलेला पाला, त्याचा फायदा पुढच्या पिकाला. शेजारच्या मक्याला होतो तो फायदा वेगळा. घेवडा जमिनीतल्या नत्रावर फारसा हात मारत नाही, म्हणून मक्याला वाटेकरी कमी. मका खादाड, त्याला युरिया लागणारच. फक्त तो विसकटून टाकू नका, मक्याच्या ओळीलाच द्या. कडधान्याच्या मुळाशी युरिया जास्त झाला की गाठी धरत नाहीत. एक झाड हळूच उपटून गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बियाणं कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून घेतलंत तर तिथं रायझोबियमचं, म्हणजे गाठी करणाऱ्या त्याच जिवाणूंचं, पाकीटही मिळतं का विचारा. पेरणीआधी बियाला चोळून सावलीत सुकवायचं.

आता भाजी. आमची आजी जोंधळ्याच्या पेऱ्यात कुरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) मागं सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून तूर सोडायची, मध्येच अंबाडी, चार अळसंदे (चवळी), आणि कडेला वाळकाच्या (काकडीसारख्या वेलाच्या) चार बिया. तेव्हा त्याला आंतरपीक वगैरे कुणी म्हणत नव्हतं. ते जमायचं कारण जोंधळा विरळ असायचा आणि पान अरुंद. आजचा संकरित मका तसा नाही. दोन फुटांच्या ओळीत सलग पेरलात तर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत खाली अंधार. त्या अंधारात मिरची, भेंडी, टोमॅटो लावून मी पाहिलंय. झाडं उंच, बारीक, फुलं गळून मोकळी. कांदा तर बोटाएवढा. तेव्हा नियम एकच धरा: मका पसरायच्या आत भाजी रानाबाहेर निघाली पाहिजे, नाहीतर तिनं मक्यावर चढलं पाहिजे.

धारवाड-हुबळीकडं मिरची, कापूस आणि कांदा एकाच रानात घेतात ते बघितलंय का? कांदा आधी निघतो, मग मिरची, शेवटी कापूस एकटा उभा. तिघांची भूक एकाच महिन्यात येत नाही, म्हणून भांडण नाही.

मी काय करतो सांगतो. मका जोडओळीत लावतो, दोन ओळी दीड फुटावर, मग तीन फुटांची मोकळी पट्टी, परत दोन ओळी. एकरी झाडं जवळपास तेवढीच राहतात, ऊन मात्र खाली पोचतं. त्या पट्टीत पेरणीच्याच दिवशी मेथी किंवा कोथिंबीर. मेथी महिन्याच्या आत, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत निघते. मुळाही बसतो. पण हे आषाढात करू नका. तुमच्या खानापुरात जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कसा कोसळतो तुम्हाला माहीत आहे. नंदगडला तेवढा नसला तरी झडीत कोथिंबीर कुजतेच. पालेभाजी विहिरीच्या पाण्यावर रब्बीच्या मक्यात घ्या. पावसाळ्यात घ्यायचीच झाली तर गादीवाफ्यावर, पाणी बाजूच्या सरीतून निघून जाईल असं बघून.

पावसाळ्यात मला खरा पैसा वेलघेवड्यानं दिला. मका गुडघ्याएवढा झाला की, म्हणजे वीस-पंचवीस दिवसांनी, बुडाशी दोन-दोन बिया टोचायच्या. मक्याबरोबरच टोचलात तर वेल मक्याला खाली ओढतो. मीही एकदा ओढवून घेतलाय. कणसं काढली तरी ताटं उभी ठेवायची, वेलाला दुसरा मांडव नको. वैरणीची घाई असेल त्यानं हा नाद करू नये, घरात म्हशी असल्या तर बायको विचारणारच.

तुरीचं गणित सोपं. पहिले दोन महिने ती फार संथ वाढते. सोयाबीनच्या चार-पाच ओळींनंतर एक ओळ तुरीची धरा. सोयाबीन शंभर दिवसांत निघालं की तूर फांद्या टाकते. भाताचं रान असेल तर बांधावर तूर आणि भात निघाल्यावर ओलीवर मसूर, हे आपल्याकडं पूर्वीपासून आहेच, त्यावर जास्त लिहीत नाही.

मिरची-भेंडीत मका हवा असेल तर तो आत नको, कडेनं. भाजीच्या आधी पंधरा-वीस दिवस चारी बाजूंनी दोन-दोन ओळी. बाहेरून येणारा मावा, पांढरी माशी काही प्रमाणात तिथं अडते.

फसवणारी गोष्ट तणनाशक. माझ्या दुसऱ्या वर्षी दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हणालो, मक्याला. त्यानं ॲट्राझिन दिलं. चूक त्याची नाही, घेवड्याचं मी बोललोच नव्हतो. मका हिरवागार आणि मध्ये घेवडा कडेनं पिवळा पडत जळून गेला. सोयाबीनवर मारतात त्यातल्या काही औषधांनी उलटं होतं, मका मरतो. मिश्र पिकात तणनाशकाचा पर्याय फार कमी उरतो, तेव्हा दोन भांगलणींची मजुरी आधीच धरून चाला.

तसंच फवारणीचं. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा आपल्या कर्नाटकातच सापडली, तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) औषध टाकल्याशिवाय बऱ्याच जणांचं भागत नाही. ते खालच्या मेथीवर पडतं आणि तीच मेथी चौथ्या दिवशी पेंड्या बांधून बाजारात जाते. मी मेथी निघेपर्यंत पोंग्यात फक्त माती-राख टाकतो. अळी वाढलीच तर मेथी सोडून देतो. हा तोटा माझ्या हिशेबात लिहिलेला असतो.

उत्पन्न वाढतं का, हे असं मोजा. समजा सलग मका एकरी 20 क्विंटल येतो आणि मिश्र पिकात 16 आला, तो झाला 0.8. सलग घेवडा 30 क्विंटल आणि मिश्र पिकात 12, तो 0.4. बेरीज 1.2. म्हणजे एका एकरात सव्वा एकराला थोडं कमी एवढं काम झालं. बेरीज एकच्या खाली आली तर मिसळून काही मिळवलं नाही. आकडे तुमच्या रानाचे घाला, माझे फक्त समजण्यापुरते. पण ही बेरीज मजुरी दाखवत नाही. घेवडा आठवड्यातून दोनदा तोडावा लागतो, मक्याची पानं हाताला कापतात, आणि सलग रानात तोडणाऱ्या बायका त्याच रोजात इथं तेवढा माल तोडत नाहीत. घरची दोन माणसं तोडणीला नसतील तर पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांपेक्षा जास्त करू नका, आणि ते गुंठे विहिरीजवळचे, रस्त्याकडचे धरा.

बी घेताना वेलघेवडा की झुडपी, हे दुकानात दोनदा विचारा. पाकिटावर नुसतं घेवडा लिहिलेलं असतं. झुडपी निघाला तर तो मक्याच्या बुडाशी सावलीत बसून राहतो आणि तुम्ही मका गुडघ्याला यायची वाट बघितली ती फुकट जाते.