निर्मनुष्य हिमकेंद्रावर यंत्रे असतानाही माणसे कशासाठी जातात?

आपण विचारले आहे की, हिवाळ्यात वाट बंद होणाऱ्या हिमालयातील उंच ठिकाणी हिम किती साचले आहे हे कसे मोजतात, आणि तेथे स्वयंचलित यंत्रे बसवलेली असतील तर माणसांनी जीव धोक्यात घालून तेथे जाण्याचे कारण काय. मी एका संशोधन प्रकल्पात क्षेत्रसहायक म्हणून हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यातील सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या एका केंद्रावर तीन हिवाळे काम केले. मी मूळचा साताऱ्याचा असल्यामुळे त्याआधी माझा या विषयाशी संबंध जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यापुरताच होता. मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो. पण या उत्तरात आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थाला हिम आणि घट्ट गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणतो, कारण पुढचा सगळा हिशेब या फरकावर चालतो.

हिमाची जाडी मोजणे तुलनेने सोपे आहे, परंतु खाली धरण सांभाळणाऱ्या अभियंत्याला जाडीचा फारसा उपयोग नसतो. त्याला हवे असते ते हे हिम वितळल्यावर मिळणारे पाणी. ताज्या, कोरड्या हिमाचे एका घनमीटरचे वजन ८० किलो असू शकते. तेच हिम काही आठवडे दबून राहिले की ३०० किलोपर्यंत जाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ओले झाले की ४०० ते ५०० किलो भरते. शुद्ध बर्फाचे वजन ९१७ किलो असते. समजा, एका वादळात ४० सेंटिमीटर ताजे हिम पडले, तर त्यात पाणी आहे केवळ ३२ मिलिमीटर. दोन दिवसांनी तो थर आपल्याच भाराने दबून २५ सेंटिमीटर झाला, तर केवळ जाडी पाहणारा म्हणेल की हिम घटले. प्रत्यक्षात पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो.

वजन आणि पाणी यांची ही सांगड अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात अभिजात भाषा शिकवणारे जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस माउंट रोझ या पर्वतावर पद्धतशीरपणे घातली. हिमात खुपसून नमुना काढण्याच्या त्यांच्या हिमनळीपासून पुढे जी प्रमाणित नळी तयार झाली, तिचा आतला व्यास १.४८५ इंच ठेवलेला आहे. हा विचित्र आकडा अशासाठी की, नळीत आलेल्या हिमाचे वजन जितके औंस भरेल तितके इंच पाणी, असा थेट हिशेब व्हावा. गोठलेल्या बोटांनी गुणाकार करावा लागू नये, याची इतकी काळजी घेणारा माणूस स्वतः डोंगरावर गेलेला असणार, हे ते उपकरण हाती घेताच कळते.

आता यंत्रांविषयी. आमच्या केंद्रावर एका उंच मनोऱ्याला आडवा दांडा होता आणि त्याच्या टोकाला खाली तोंड करून बसवलेला, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा संवेदक होता. ध्वनी हिमाच्या पृष्ठभागावर आपटून परत येण्यास किती वेळ लागतो, त्यावरून अंतर निघते, आणि ते जमिनीपर्यंतच्या अंतरातून वजा केले की हिमाची जाडी मिळते. शेजारी वारा, तापमान, आर्द्रता आणि वरून येणारे व खालून परावर्तित होणारे ऊन मोजणारी साधने होती. काही केंद्रांवर गोठणरोधक द्रव भरलेली मोठी उशी जमिनीवर पसरतात आणि तिच्यावरील दाबातून हिमाचे वजन काढतात. काही ठिकाणी मातीतून नैसर्गिकपणे निघणारे गॅमा किरण हिमातील पाण्याने किती अडवले, यावरून अंदाज बांधतात. नेहमीचे पर्जन्यमापक येथे फारसे भरवशाचे नसते, कारण वाऱ्यात हलके हिमकण त्याच्या तोंडावरून उडून जातात, आणि आडोसा नसेल तर जोराच्या वाऱ्यात निम्म्याहून कमी हिम आत पडते.

यातले प्रत्येक साधन खोटे बोलू शकते, आणि तेही अत्यंत विश्वासार्ह चेहऱ्याने. ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, तर उणे २० अंशांना सुमारे ३१९ मीटर. त्यामुळे संवेदकाला हवेचे तापमान बरोबर कळणे आवश्यक असते. आमच्याकडे एका वादळात तापमापकाला उन्हापासून आडोसा देणाऱ्या पांढऱ्या तबकड्यांमध्ये हिम घट्ट बसले, आणि आतला तापमापक त्या रजईत झोपी गेल्यासारखा दिवसरात्र शून्याच्या जवळपास आकडा देऊ लागला. बाहेर मात्र रात्री उणे २० होत होते. परिणामी दर रात्री आमचे हिम सुमारे १० सेंटिमीटरने खचत होते आणि दुपारी पुन्हा वर येत होते. कार्यालयातील संगणकावर तो आलेख पाहून एकाने वाऱ्याने हिम उडून जात असल्याचा सुंदर सिद्धांतही मांडला होता. आम्ही जाऊन हातातल्या ब्रशने तबकड्या साफ केल्या, तेव्हा तो सिद्धांत मावळला. द्रवाच्या उशीचेही असेच असते: वर बर्फाचा कडक पापुद्रा धरला की तो पुलासारखा कडांवर टेकतो आणि उशीला खरा भार जाणवतच नाही.

म्हणून खड्डा खणावा लागतो. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगची खिंड बंद असतानाही लाहौलमध्ये बहुतेक दिवस पोहोचता येते, पण रस्त्यापासून केंद्रापर्यंतची चढण पायीच असते. वादळानंतर उतार स्थिरावेपर्यंत थांबून, ऊन उतारावर येण्यापूर्वी निघावे लागते, आणि केव्हा निघायचे हा निर्णय नेहमी माझे लाहौली सहकारी घेत, मी नाही. मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर, संवेदकाखालचे हिम न तुडवता, जमिनीपर्यंत फावड्याने खणायचे आणि सावलीकडची भिंत चाकूने सरळ तासून घ्यायची, कारण उन्हातील भिंतीचे तापमान लगेच बदलते. मग दर १० सेंटिमीटरवर तापमापक खुपसायचा, ठरलेल्या आकारमानाची पत्र्याची नळी आडवी घालून हिम काढायचे आणि ताणकाट्यावर तोलायचे. ५०० घनसेंटिमीटरच्या नळीत १२० ग्रॅम भरले की घनता, म्हणजे एका घनमीटरचे वजन, २४० किलो. एक जण आकडा सांगतो, दुसरा तो मोठ्याने परत म्हणून वहीत पेन्सिलीने लिहितो. शाईचे पेन तेथे चालत नाही.

थरांचा कडकपणा पाहण्याची पद्धत नवख्याला हास्यास्पद वाटते: हलक्या दाबाने थरात मूठ जाते का, नाही तर चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल, आणि तेही जमले नाही तर चाकू. मात्र जगभर हीच पद्धत वापरतात. एकदा १४० सेंटिमीटरच्या खड्ड्यात वरच्या थरात बोट मोठ्या कष्टाने जात होते, आणि तळाच्या २० सेंटिमीटरमध्ये मूठ अलगद आत गेली. तेथील कण काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून पाहिले, तर ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे, पैलूदार आणि एकमेकांना न चिकटणारे होते. त्याचे कारण तापमानाच्या नोंदीत होते. तळाला उणे १ आणि पृष्ठभागाला उणे १८, म्हणजे मीटरमागे सुमारे १२ अंशांचा फरक. हा फरक मीटरला १० अंशांपलीकडे गेला की खालची वाफ वर सरकत जाते आणि मूळचे कण अशा सुट्या स्फटिकांत बदलतात. त्यावर उभा असलेला सव्वा मीटरचा जड थर म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर ठेवलेली फरशी. मनोऱ्यावरील संवेदकाला त्या दिवशी हिमस्खलनाच्या धोक्याची पुसटशीही कल्पना नव्हती; त्याच्या दृष्टीने जाडी पूर्वीइतकीच होती. आपल्याकडे लष्करासाठी हिमस्खलनाचा अभ्यास मनालीतून सुरू झाला आणि २०२० पासून ते काम संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन आस्थापना पाहते. तेथेही यंत्रांच्या जाळ्याबरोबर निरीक्षकांनी खणलेले खड्डे लागतातच.

वीज आणि संदेशवहन यांविषयी थोडक्यात सांगतो. सौर पॅनेल बरेच उभे लावतात, म्हणजे हिम त्यावरून घसरते आणि हिवाळ्यातील खालचे ऊनही मिळते. बॅटरी पूर्ण भारित असेल तर कडाक्यातही तग धरते, पण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ होऊन गोठते आणि तिचे कवच फुटू शकते. आकडे उपग्रहामार्फत येतात, आणि संपर्क तुटला तरी नोंदयंत्राच्या स्मृतीत साठून राहतात. (गोव्यातील वाचकांसाठी: वास्को येथील, आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र सुरू केले. समुद्रकिनाऱ्यावरून हिमनद्यांचा अभ्यास चालतो, तो असा.)

आणि आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर तीच आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजण्याऐवजी मी संवेदकानेच दाखवलेले अंतर शून्य म्हणून नोंदवले. हिवाळाभर संवेदक आणि शेजारचा, जाडी डोळ्यांनी वाचण्यासाठीचा आखीव खांब यांत १२ सेंटिमीटरचा फरक येत राहिला. तापमान बरोबर होते, खांब सरळ होता, आणि तिन्ही फेऱ्यांत फरक तोच. मार्चमधल्या खड्ड्यात तळ साफ करताना फावड्याखाली पिवळे गवत लागले, हिमाच्या भाराने जमिनीशी सपाट झालेले. ऑक्टोबरमध्ये तेच गवत १२ सेंटिमीटर उंच उभे होते आणि मी त्याच्या शेंड्यांना जमीन समजलो होतो. त्या हिवाळ्यातील प्रत्येक नोंदीत १२ मिळवून सर्व तक्ते पुन्हा पाठवावे लागले.