गावात दवाखाना सुरू करताय? आधी एवढंच बघा
डॉक्टर, तुम्ही गावात दवाखाना सुरू करताय हे वाचून फार आनंद झाला. लगेच मोठी यंत्रं घेऊ नका. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र), वजनकाटा आणि मोजकी जेनेरिक औषधं, एवढ्यावर बरंच काम होतं.

– वेळ ठरवा आणि पाळा. दोनदा कुलूप दिसलं की पेशंट तिसऱ्यांदा येत नाही.
– सलाईन-इंजेक्शनचा आग्रह होईल. गरज नसेल तर नाही म्हणा, पण समजावून. जुलाबाच्या बहुतेक पेशंटना ओआरएस (पाण्यात मिसळून प्यायची मीठ-साखरेची पावडर) पुरतं, मुलांना सोबत झिंक. हे पटवायला वेळ लागतो, तो द्याच.
– फी कमी ठेवा, पण दारावर लिहा.

बीपी-शुगरवाल्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: बीपी १४०/९० च्या वर कोणाचं, पुन्हा कधी यायचं. गोळ्या मध्येच सोडणारे त्यातूनच सापडतात. दवाखान्यात लॅब काढायचं नंतर बघू.