वृद्धाश्रम चालवणाऱ्या ट्रस्टची जुनी कार्यकारिणी बदलून नवी रचना कशी करावी?

सातपैकी तीन विश्वस्त वारले, एक मुलाकडे अमेरिकेत, आणि उरलेल्या तिघांत संस्थापकांचे चिरंजीवच सगळं बघतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही.

आधी कामाचं. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा उतारा (ट्रस्टची तिथली नोंद, विश्वस्तांच्या नावांसकट) आणि संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, नक्कल काढा. प्रत्यक्षात कोण काम बघतं याला तिथे किंमत नाही, नोंदीवर कोण आहे ते बघतात. वारलेल्यांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं कळवणारे अर्ज, दिले होते का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या (पुढची कलमंही त्यातलीच) कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यावा लागतो. राहिले असतील तर विलंब माफीच्या अर्जासकट जुन्यापासून क्रमाने द्या. मधला एक सोडून पुढचा दिलात की वाद घालणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाची नऊ वर्षं चिटणीस होते. अडतीस आजी-आजोबा, प्रत्येकाची अनामत घेतलेली. एक आजोबा गेले, मुलगी अनामत मागायला आली आणि खात्यात पैसे नव्हते. ते नव्या सभागृहाच्या स्लॅबमध्ये गेले होते. ठराव होता, 'सर्वानुमते मंजूर'. गणपूर्तीसाठी हजर दाखवलेले एक विश्वस्त त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात होते. ते इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. अध्यक्ष म्हणाले, "ताई, लिहा, त्यांची संमती आहे," आणि मी लिहिलं. याची लाज मला आजही वाटते.

हे शोधून काढलं ते ऑडिटरने नाही. खोली नंबर चारमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "आमची अनामत कुठल्या बँकेत, कुठल्या खात्यात आहे?" पुढच्या बैठकीत मी मांडलं की राहणाऱ्यांपैकी दोघांना कार्यकारिणीत घ्या. अध्यक्ष म्हणाले, "राहणाऱ्यांनी राहावं. घर आम्ही चालवतो." मी राजीनामा दिला. त्याचा चेंज रिपोर्ट त्यांनी दिलाच नाही, म्हणून चार वर्षांनी हिशेबाबद्दलची नोटीस माझ्या घरी आली. तुमच्याकडे कोणी राजीनामा दिला असेल तर पोच सांभाळून ठेवायला सांगा.

म्हणून माझं मत ठाम आहे. वकील, सीए, डॉक्टर जरूर घ्या, पण राहणाऱ्यांची माणसं नसतील तर नवी कार्यकारिणी म्हणजे जुन्याच खुर्च्यांवर नवी नावं. मुदत पाच वर्षं, सलग दोनदाच. एका घरातले दोघे नकोत. अनामतीचं खातं वेगळं आणि त्याचा आकडा दर तिमाहीला फलकावर. हे घटनेतच लिहा, नुसता ठराव पुढची कार्यकारिणी फिरवते.

"आजारी माणसं, त्यांना हिशेब काय कळणार," हे तुम्हालाही ऐकवतील. बाईंना ताळेबंद आमच्या खजिनदारांपेक्षा चांगला वाचता यायचा.

एक राहिलं. आमची संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली होती, त्यामुळे घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत करता आली असती. तुमची नुसती ट्रस्ट डीडवर (ट्रस्ट स्थापन करतानाच्या दस्तावर) असेल आणि डीडमध्ये दुरुस्तीचा अधिकार नसेल, तर कलम ५०अ खाली योजना, म्हणजे कारभाराची नवी नियमावली, धर्मादाय कार्यालयाकडे मागावी लागेल. त्याला वेळ लागतो, वकील लागतो. नोंदीवरचे विश्वस्त गणपूर्तीलाही पुरत नसतील तर कलम ४७ खाली नेमणूक मागता येते का ते विचारा. लाभार्थी माणूस विश्वस्त नसावा असं काही वकील सांगतात. तसं असेल तर राहणाऱ्यांची समिती करा आणि दफ्तर बघायचा हक्क तिला घटनेतच द्या. जमीन विकायचा किंवा विकसकाला द्यायचा विषय मध्येच कोणी काढला तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते हे लक्षात ठेवा आणि नवी कार्यकारिणी नोंदीवर येईपर्यंत कशावरही सही करू नका.

आणि पुढच्या बैठकीचं इतिवृत्त तुम्ही लिहिणार असाल, तर जो आला नाही त्याच्यापुढे गैरहजर लिहा.